विलंबाची थोरवी

सरकारी कचेरीत काम करणाऱ्या माणसाला लोक ज्या अनेक गोष्टींवरून नावे ठेवतात, त्यांत संथपणाचा क्रमांक पहिला लागतो. कागद हलत नाही, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला त्याला आठवडा लागतो, एकाच्या सहीखाली दुसऱ्याची सही आणि तिच्यावर तिसऱ्याचा शिक्का, हे सारे ऐकून ऐकून आम्हां कारकुनांच्या अंगवळणी पडले आहे. एखाद्या लग्नात कोणी नव्याने ओळख करून देताना ‘हे केंद्र सरकारच्या लेखा कार्यालयात असतात’ असे सांगितले, की समोरच्या गृहस्थांच्या ओठांवर जे सूक्ष्म स्मित उमटते, त्याचा अर्थ मला कोणी समजावून द्यावा लागत नाही. बारा वर्षांच्या नोकरीत मी या स्मितापुढे निमूटपणे मान लववीत आलो. अलीकडे मात्र माझे मत पार पालटले आहे. आपला संथपणा हा दोष नसून एक जुनी, कसाला उतरलेली विद्या आहे, आणि घरोघर मोबाईल व संगणक वापरणाऱ्या मंडळींनी ती आपल्यापासून शिकून घ्यावी, असे मला मनापासून वाटू लागले आहे.

मत पालटण्याचे कारण असे, की ज्या नव्या चोरीने सध्या घरोघर धुमाकूळ घातला आहे, तिचे सारे भांडवल म्हणजे घाई. ही चोरी दार फोडून होत नाही. ती मोबाईलच्या घंटीबरोबर येते, संगणकाच्या पडद्यावर पत्राच्या रूपाने उतरते, आणि कधी लाडीगोडीने तर कधी दरडावून आपल्याच हातून किल्ली मागून घेते. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. मोबाईलवरून क्षणार्धात पैसे धाडण्याची यूपीआय ही सोय एप्रिल २०१६ मध्ये आली. म्हणजे बँक आजीच्या कनवटीला येऊन बसल्याला अवघे एक दशक लोटले आहे. दाराला कडी कशी घालावी हे आपल्या घराण्यांतून पिढ्यान् पिढ्या शिकविले गेले. या नव्या दाराची कडी कोठे असते, हे सांगणारे वडीलधारे मात्र कोणाच्याच घरी नव्हते. येथे उलट वडीलधाऱ्यांनाच धाकट्यांनी शिकवायचे. आणि धाकटे कोण, तर आपण. कोणी जबलपूरला, कोणी शिलाँगला, कोणी विशाखापट्टणला, बदलीचा हुकूम नेईल तेथे.

गेल्या दिवाळीत रजेवर गेलो असता वाईला मावशीकडे दोन दिवस राहिलो. मावशीचे यजमान, आम्ही त्यांना काकाच म्हणतो, एका माध्यमिक शाळेत तीस वर्षे हेडक्लार्क होते. त्यांचे अक्षर मोत्यासारखे आणि जमाखर्च आरशासारखा. या काकांना आदल्या पावसाळ्यात एका सकाळी दूरध्वनी आला. तुमच्या नावाचे एक पार्सल पकडले गेले आहे, त्यात निषिद्ध माल आहे, आणि तुमच्या आधार क्रमांकावर कोणी खाते उघडून गैरव्यवहार केला आहे, असे त्यांना सांगण्यात आले. पाठोपाठ पडद्यावर गणवेषातील एक इसम अवतरला. त्याच्या मागे भिंतीवर राजमुद्रा होती. तुम्हांला ‘डिजिटल अटक’ झाली आहे, खोली सोडायची नाही, दूरध्वनी बंद करायचा नाही, घरात कोणाला काही सांगायचे नाही, असे त्याने बजावले. काका दीड दिवस माजघरात त्या पडद्यासमोर बसून राहिले. चौकशी पुरी होईपर्यंत रक्कम तपासणीसाठी जमा करावी लागेल, निर्दोष ठरताच परत मिळेल, असे आश्वासन होते. काकांनी मुदतठेव मोडून दोन वेळा पैसे भरले. बँकेतील मुलीने कारण विचारले, तेव्हा पढविल्याप्रमाणे त्यांनी ‘घराचे काम काढले आहे’ असे सांगितले. सबंध आयुष्यात ते खोटे बोलले असतील, तर बहुधा तेवढेच.

तिसऱ्या भरण्याच्या वेळी मावशी आडवी आली. तिला संगणकातले काही कळत नाही. ती एवढेच म्हणाली, “अहो, सरकारी हुकूम आहे, तर तो टपालाने का येत नाही? तुम्ही तीस वर्षे शाळेतून पत्रे धाडलीत, ती काय अशी?” या प्रश्नाला काकांजवळ उत्तर नव्हते. पडद्यावरच्या माणसाजवळही नव्हते, तो संतापला. त्या संतापानेच काकांचे डोळे उघडले. रात्री त्यांनी १९३० या सरकारी मदत क्रमांकावर तक्रार नोंदविली. ज्या खात्यात पैसे गेले होते तेथे उरलेली थोडी रक्कम गोठविली गेली आणि काही महिन्यांनी ती परत मिळाली. साधारण पाचवा हिस्सा असेल. बाकीची गेली ती गेलीच.

मला जे विसरता येत नाही, ते निराळेच आहे. त्या दीड दिवसात आलेला प्रत्येक ‘आदेश’ काकांनी शेजारच्या दुकानातून छापून आणवला होता, त्याला भोके पाडून दोऱ्याने फाईल लावली होती, आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात आवक क्रमांक आणि तारीख आपल्या त्या सुंदर अक्षरात टाकली होती. ती फाईल त्यांनी कपाटाच्या तळाशी ठेवली होती. मी आलो तेव्हा त्यांनी ती काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “तू लेखा कार्यालयात आहेस. मला कळायला हवे होते ते कोठे होते, ते दाखव.”

मी ती फाईल घेऊन गच्चीवर बसलो. एकाच कागदावर तीन निरनिराळ्या खात्यांचे शिक्के होते. पत्राला क्रमांक होता, पण शाखा नव्हती. सही होती, पण सहीखाली हुद्दा नव्हता. प्रत कोणाला रवाना केली याचा उल्लेख नव्हता, आणि प्रती न काढता आपले कोणतेही खाते पत्र सोडील, हे मला स्वप्नातही खरे वाटणार नाही. अपील कोठे करावे हे लिहिलेले नव्हते. एका पानात ‘ताबडतोब’ हा शब्द चार वेळा आला होता. कागद पाहता पाहता माझ्या लक्षात आले, की या चोरांनी आपली सारी वेषभूषा उचलली आहे. राजमुद्रा, गणवेष, लाल शाई, इंग्रजी धाटणी, काही सोडले नाही. एकच गोष्ट त्यांना उचलता आली नाही, आणि ती म्हणजे आपली मंदगती. खऱ्या सरकारला वेळ असतो. ते नोटीस देते, मुदत देते, मुदतवाढ देते, स्मरणपत्र धाडते. आजच्या आज, याच घटकेला, कोणाला न सांगता पैसे भरा, असे म्हणणारे सरकार या देशात कोठल्याही मजल्यावर नाही.

‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी आपल्या आकाशवाणीवरील भाषणात हे देशाला स्पष्ट सांगितले, आणि थांबा, विचार करा, मग पाऊल उचला, असा तीन पायऱ्यांचा उपाय दिला. त्या तिहींतील पहिली पायरी हीच सर्वांत अवघड आहे. थांबणे ही कृती आहे हे भ्यालेल्या माणसाला पटत नाही. म्हणून मी तिला कचेरीतले एक नाव दिले आहे: ‘कागद पुढे ठेवणे’. कोणीही दूरध्वनीवरून काही मागितले, तर ‘आपला अर्ज मिळाला, विचार चालू आहे’ एवढे मनाशी म्हणावे आणि संभाषण तोडावे. मग पासबुकावर किंवा कार्डाच्या पाठीमागे छापलेला बँकेचा क्रमांक काढून आपण होऊन विचारावे. समोरच्याने दिलेला क्रमांक या कामी निरुपयोगी. तो त्याचाच असतो. इंटरनेटवर शोधून मिळालेला क्रमांकही बेभरवशाचा, कारण चोर आपले क्रमांक तेथे बँकेच्या नावाने लावून ठेवतात.

चोर मागतो आणि आपण देतो, हा प्रकार संगणकाइतकाच जुना आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांनी १९६१ साली अनेकांना एकाच वेळी वापरता येईल असा संगणक चालवून दाखविला. प्रत्येकाचे कागद प्रत्येकाला खासगी राहावेत म्हणून तेथे परवलीचे शब्द आले. पुढच्याच वर्षी अ‍ॅलन शेर नावाच्या एका संशोधक विद्यार्थ्याला आपल्या वाट्याचा संगणकाचा वेळ अपुरा पडू लागला. त्याने कोणतेही कुलूप फोडले नाही. परवलीच्या शब्दांची यादी छापून मिळावी, अशी विनंती त्याने छिद्रे पाडलेल्या कार्डावर रीतसर सादर केली, आणि यंत्राने सारी यादी छापून त्याच्या हवाली केली. ही हकिकत वाचली तेव्हा मला हसू आले; पण एखाद्या कारकुनाने हसून सोडून द्यावी अशी ती नव्हे. ओटीपी सांगा म्हणणारा माणूस तेच करीत असतो. तो अर्ज करतो. तो नामंजूर करणे आपल्या हाती आहे.

ओटीपी म्हणजे काय, हे वडीलधाऱ्यांना समजावताना मला कार्यालयाच्या शिक्क्याचा दृष्टान्त उपयोगी पडला. सही कोणी पाहून गिरवील. म्हणून सहीवर शिक्का लागतो, आणि शिक्का कुलपात असतो. साहेबांनी जरी दूरध्वनीवरून सांगितले, तरी शहाणा हेडक्लार्क शिक्का शिपायाच्या हाती देत नाही. परवलीचा शब्द ही सही, ओटीपी हा त्या एका कागदापुरता शिक्का. बँकेला स्वतःचाच शिक्का आपल्याकडून मागण्याचे कारण पडत नाही. यूपीआयचा पिन हा तर खर्चाच्या व्हाउचरवरचा शिक्का आहे. पैसे देण्यासाठी तो लागतो. पैसे घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. ‘तुम्हांला परतावा मिळणार आहे, पिन टाका’ असे कोणी म्हणाले, तर जमेच्या पावतीवर खर्चाचा शिक्का मारायला तो सांगत आहे, हे उघड आहे. त्याचप्रमाणे ‘मी मदत करतो’ म्हणून आपला पडदा आपल्याला दाखवायला लावणारे एखादे अ‍ॅप कोणी घ्यायला सांगितले, तर त्याला आपल्या खुर्चीवर बसवून आपण बाहेर उभे राहण्यासारखे ते आहे. रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल कार्यालयाने २०२२ साली ‘राजू आणि चाळीस चोर’ या अर्थाच्या नावाची एक सचित्र पुस्तिका काढली. तिच्यात असले चाळीस प्रकार सांगितले आहेत. घरात मुलांना वाचायला द्यावी अशी ती आहे. मुलांच्या निमित्ताने मोठेही वाचतात.

परवलीच्या शब्दांबाबत आपल्या मनात एक जुना समज घर करून आहे. त्यात एक मोठे अक्षर, एक आकडा, एक विचित्र चिन्ह असावे आणि तो दर तीन महिन्यांनी बदलावा, असा दंडक अनेक कचेऱ्यांत अद्याप चालतो. हा दंडक बव्हंशी ज्या अमेरिकन मार्गदर्शिकेतून आला, ती २००३ साली बिल बर यांनी लिहिली होती. २०१७ साली तेथील प्रमाणन संस्थेने तीच मार्गदर्शिका बदलली. लांबी महत्त्वाची, आणि फुटल्याचा पुरावा असल्याखेरीज वरचेवर बदलण्याची सक्ती नको, असे तिने सांगितले. निवृत्त झालेल्या बर यांनीही आपल्या जुन्या सल्ल्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. स्वतःच काढलेले परिपत्रक चौदा वर्षांनी चुकीचे ठरले असे म्हणणारा अधिकारी मला फार थोर वाटतो. तेव्हा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहावेत: एखादे भांडे, एखादे झाड, एखादे गाव, एखादी खोडी. आपल्याला ते विसरणार नाहीत, आणि परक्या यंत्राला ते साधायला जड जाईल. बँकेचा आणि ई-मेलचा शब्द मात्र निरनिराळा असावा. ई-मेलचा तर विशेष जपावा, कारण बाकी सारे हरवलेले शब्द नव्याने मिळतात ते त्याच दारातून. आणि ज्या आईला हे ध्यानात ठेवणे जमत नाही, तिने एका वहीत लिहून वही ट्रंकेत ठेवली, तर तिला हसू नये. परदेशातला चोर वाईच्या ट्रंकेपर्यंत पोचत नाही.

खरा लखोटा ओळखण्याचीही एक रीत आहे, आणि ती आपल्या टपालखात्यासारखीच आहे. पत्त्याचा शेवट आधी वाचावा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्याकडे सहा आकड्यांचा पिनकोड सुरू झाला. तो ज्यांच्या डोक्यातून निघाला, ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्यासारखेच दिल्लीस केंद्र सरकारच्या सेवेत असलेले मराठी गृहस्थ आणि संस्कृत कवी होते, हे येथे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. त्यांच्या योजनेने टपालाची वाटणी करणारा माणूस घरमालकाच्या भारदस्त नावाकडे न पाहता त्या सहा आकड्यांकडे पाहू लागला. संकेतस्थळाचा पत्ताही असाच, पहिल्या एकेरी तिरप्या रेघेपर्यंतचा, उजवीकडून डावीकडे वाचावा. बँकेचे नाव पत्त्याच्या सुरुवातीला कोणीही घालू शकतो. शेवट काय आहे ते पाहावे. याच हेतूने रिझर्व्ह बँकेने २०२५ साली बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ असा राखीव शेवट दिला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तो स्वीकारण्यास सांगितले. सरकारी स्थळांचा शेवट ‘डॉट गव्ह डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ असा असतो. आरंभीची ‘एचटीटीपीएस’ ही अक्षरे फक्त लखोटा नीट डकवलेला आहे एवढेच सांगतात. आत कोणाचे पत्र आहे, ते सांगत नाहीत. मोबाईलवरच्या संदेशांनाही २०२५ पासून जावक खूण आली आहे. पाठविणाऱ्याच्या नावापुढे आडवी रेघ आणि एक अक्षर असते: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारला जी. वीज तोडण्याची धमकी साध्या दहा आकडी क्रमांकावरून आली, तर ती वीजमंडळाची नव्हे.

लग्नपत्रिकेचा एक नवा प्रकार निघाला आहे, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. ओळखीच्याच्या क्रमांकावरून निमंत्रण येते, आणि ते उघडायला गेले की मोबाईलमध्ये एक परके अ‍ॅप उतरते आणि आपले संदेश बाहेर वाचू लागते. अशा फाईलच्या नावाचा शेवट ‘एपीके’ या तीन अक्षरांनी होतो. पत्रिकेला हळदकुंकू लावलेले असते, फार तर चित्र असते. पत्रिका स्वतःहून घरात राहायला येत नाही. अ‍ॅप घ्यायचे तर मोबाईलच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावे.

आता यंत्राच्या डागडुजीविषयी. ‘अद्ययावत करा’ अशी सूचना पडद्यावर आली, की ती पुढे ढकलण्याकडे आपला कल असतो, आणि विलंबाची एवढी थोरवी गाऊन झाल्यावर येथे मात्र मला अपवाद करावा लागतो. हिरकणीची आख्यायिका आपण सारे जाणतो. रायगडाचे दरवाजे सायंकाळी बंद झाले; तान्ह्या लेकरासाठी ती गवळण भयंकर कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला, आणि जेथून ती उतरली तेथे बुरूज बांधला. या कथेचा पूर्वार्ध मातृप्रेमाचा आहे, उत्तरार्ध सुरक्षेचा. वाट सापडली, ती बुजविली. संगणकाची प्रत्येक डागडुजी म्हणजे असा एक बुरूज असतो. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका कड्यावर असा बुरूज बांधून दिला. ज्यांनी तो स्वीकारला नाही, त्यांच्या यंत्रांत १२ मे २०१७ पासून ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर शिरला. त्याने कागदपत्रे कुलूपबंद केली, आणि ब्रिटनमधील इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले. मधले दोन महिने ती सूचना पडद्यावर वाट पाहत होती. घरी अजून विंडोज १० वर चालणारा जुना संगणक असेल, तर त्याची नियमित डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आहे, हे ध्यानात घ्यावे. त्यावर नातवाने चित्रे काढावीत; बँकेचे व्यवहार करू नयेत.

नकलांविषयी कारकुनाला सांगावे लागू नये, पण घरी आपण ते विसरतो. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत घराबाहेर असावी, हा छायाचित्रकारांच्या धंद्यातून आलेला नियम आहे. मूळ प्रत, स्थळप्रत आणि वरिष्ठ कार्यालयास रवाना झालेली प्रत, असे म्हटले की तो आपलाच वाटतो. मुलीचे पहिल्या पावलाचे छायाचित्र एकाच मोबाईलमध्ये ठेवणे म्हणजे सेवापुस्तकाची एकुलती एक प्रत पावसात घेऊन हिंडणे होय. पैशांबाबतही कचेरीची किरकोळ रोकड आठवावी. साऱ्या खजिन्याची किल्ली आपण चहाच्या खर्चासाठी देत नाही. मोबाईलला जोडलेले खाते निराळे असावे, त्यात महिन्याच्या खर्चापुरतीच रक्कम असावी, आणि निवृत्तिवेतनाचे वा ठेवीचे खाते मोबाईलपासून दूर ठेवावे. आधारची नक्कल कोठे द्यावी लागली, तर शेवटचे चारच आकडे दिसणारी नक्कल मिळते, ती द्यावी.

इतके करूनही फसगत झालीच, तर एका गोष्टीत मात्र क्षणाचाही विलंब नको, आणि ती म्हणजे खबर देणे. १९३० या क्रमांकावर किंवा ‘सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन’ या स्थळावर व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम कळवावी, बँकेलाही कळवावे. पैसा चोराच्या खात्यातून पुढे सरकण्यापूर्वी अडवता आला तर येतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे तत्त्व घालून दिले, की ग्राहकाची चूक नसताना तिऱ्हाइताने अफरातफर केली आणि तीन कामकाजाच्या दिवसांत खबर दिली, तर ग्राहकाला तोशीस लागू नये. गुप्त शब्द ग्राहकाने स्वतःच दिला असेल, तर खबर देईपर्यंतचे नुकसान त्याचे, त्यानंतरचे बँकेचे. म्हणजे दोन्ही बाजूंनी घड्याळाकडे पाहणे आले.

पण खबर द्यायला उशीर का होतो? काकांना दीड दिवस कोणाला का सांगता आले नाही? ‘सांगू नका’ असे त्या इसमाने बजावले होते, हे अर्धेच उत्तर झाले. उरलेले अर्धे काकांनी मला गच्चीवर सांगितले. “तुम्ही पोरे काय म्हणाल, असे वाटले,” ते म्हणाले. त्या इसमाने त्यांना तुरुंगाचे भय घातले होते. त्याच्याइतकेच भय त्यांना आमच्या हसण्याचे वाटत होते. तेव्हापासून त्यांनी सोसायटीचा जमाखर्च लिहिणे सोडले आहे. आता आपल्या नजरेवर भरवसा राहिला नाही, असे म्हणतात. गेलेल्या रकमेपेक्षा हे नुकसान मला मोठे वाटते, आणि ते भरून देणारे परिपत्रक कोणी काढू शकत नाही. आपण दूर राहणारी मुले आठवड्यातून एकदा दूरध्वनी करतो, त्यात अर्धा वेळ ‘बाबा, ते बटण नव्हे, दुसरे’ असे खेकसण्यात घालवतो, आणि मग संकटाच्या वेळी ते आपल्याला का विचारत नाहीत याचे नवल करतो. ज्या घरात मूर्खासारखा प्रश्न विचारायची मोकळीक असते, त्या घरातून चोराला रिकाम्या हाताने परतावे लागण्याचा संभव अधिक.

त्या रात्री गच्चीवर मी काकांना त्यांच्या फाईलमधील उणिवा एकेक करून दाखविल्या. ते लक्षपूर्वक ऐकत होते. शिक्के, हुद्दा, प्रती, अपील. शेवटी त्यांनी पेन्सिल मागितली आणि फाईलच्या वेष्टनावर स्वतःच्या हाताने शेरा लिहिला: ‘बनावट. दप्तरदाखल.’ हेडक्लार्काचे ते अक्षर तसेच होते.

जबलपूरला परतल्यावर मी चिपळूणला बाबांना पत्र लिहिले. मोबाईलवर चार ओळी धाडणे सोपे होते. मुद्दाम आंतर्देशीय पत्र घेतले. ‘तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार’ असे बऱ्याच वर्षांनी लिहिले, आणि खाली सहा कलमे घातली. कोणी घाई केली, तर आपण सावकाश व्हावे. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. ओटीपी म्हणजे शिक्का, तो कोणालाही देऊ नये, मी मागितला तरी देऊ नये. माझ्या आवाजात कोणी रडून पैसे मागितले, तर आपल्या जुन्या म्हशीचे नाव विचारावे. आता यंत्रे माणसाचा आवाज काढतात, म्हैस त्यांना माहीत नाही. काही झाल्यासारखे वाटले, तर प्रथम १९३० आणि मग मी, कोणत्याही वेळी, कचेरीच्या वेळीसुद्धा. आणि सहावे कलम असे, की मी रागावणार नाही.

पत्र पोचायला सहा दिवस लागले. बाबांनी ते भिंतीवर पंचांगाशेजारी लावले आहे, असे आईने कळविले. वर आवक तारीख टाकली आहे म्हणे.